माजरीतला बर्फ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, आमच्या माजरीत बर्फ पडला. बाहेर पारा शेहेचाळीसच्या पुढे होता. कूलर गरम हवा फेकत होता, नळाच्या पाण्याने हात भाजत होते, आणि माझ्या तळहातावरच्या सहा इंची आकाशातून पांढरे पुंजके सावकाश खाली येत होते. खाली एक लाकडी घर, घराच्या धुराड्यातून निघणारा धूर, मागे उंच टोकदार झाडं. काचेवर बोट फिरवलं की वारा सुटायचा आणि पुंजके तिरके उडायचे.

"कसं वाटून राहिलं, मामाजी?" भाच्याने विचारलं.

"थंड," मी म्हणालो आणि फोन या हातातून त्या हातात घेतला, कारण त्याचे चटके बसत होते.

त्याचं कारण भाच्यानेच मग समजावलं. असल्या हलत्या वॉलपेपरमध्ये प्रत्येक पुंजका कुठून निघाला, कुठवर आला, बोट लागल्यावर कुणीकडे वळला याचा हिशेब फोनला सेकंदाला कितीतरी वेळा करावा लागतो. हिशेब करणारा तापतो, हे खाणीच्या ऑफिसात इतकी वर्षं बाबूगिरी केल्यामुळे मला वेगळं सांगायला नको होतं. थोडक्यात, बर्फ जितका दाट तितका फोन गरम. हिमालयात ही सोय उत्तम असेल. माजरीत संध्याकाळपर्यंत बॅटरीने मान टाकली.

नागपूरहून बल्लारशाकडे जाताना वरोरा मागे पडलं की माजरी येतं. वणीवरून आदिलाबादकडे जाणारा फाटा इथून फुटतो म्हणून आम्ही जंक्शन. पलीकडे वर्धा नदी, अलीकडे कोळसा आणि मधे आम्ही. गाडी थांबली की प्रवासी खिडकीतून डोकावतो, सगळं एका रंगाचं दिसतं, आणि तो काच खाली ओढून घेतो. त्याचं चुकत नाही. कॉलनीतले क्वार्टर एका नकाशाचे, एका रंगाचे. कागदोपत्री तो रंग पिवळा आहे. सकाळी दोरीवर वाळत घातलेली पांढरी बनियान संध्याकाळी करडी होऊन घरात येते. दारापुढची तुळस करडी, तिच्यावर बसलेली चिमणी करडी. भिंतीला आपल्या आवडीचा रंग द्यावा म्हटलं तर भिंत कंपनीची, आणि दिलाच तरी पुढच्या दिवाळीपर्यंत तो शेजाऱ्याच्या रंगाला जाऊन मिळतो. त्यामुळे माजरीत माणसाला स्वतःच्या पसंतीचा रंग लावता येईल अशी भिंत एकच उरली, ती खिशात मावते.

ही गोष्ट मला उशिरा कळली. माझ्या फोनवर दोन वर्षं तेच चित्र होतं, जे दुकानातून आणताना होतं. केशरी-निळं काहीतरी एकमेकांत घोटलेलं. पाहणाऱ्याला ते तवा वाटावं, ग्रह वाटावा किंवा कढीची फोडणी वाटावी. माझं त्याच्याशी काही भांडण नव्हतं. पण नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा सुट्टीत आला, त्याने माझा फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू मी नव्या शर्टाला किमतीचं लेबल तसंच ठेवून वरातीत नाचलो.

"मामाजी, हे तं दुकानातलं हाय ना!"

"मग? फोनही दुकानातलाच आहे."

"लॉक स्क्रीन म्हणजे आपलं दार असते जी. दारावर काही नको का?"

मुलगा बोलला ते खोटं नव्हतं. दाराला तोरण बांधणारी, चौकटीवर शुभ-लाभ लिहिणारी, उंबऱ्यापुढे रांगोळी घालणारी आपण माणसं. या दाराशी दिवसातून शंभरदा जातो आणि तेच तेवढं उघडंबोडकं ठेवायचं? शिवाय हौस काही नवी नव्हे. माझा पहिला फोन नोकिया ३३१०. त्याच्या पडद्यावर आडवे ८४ आणि उभे ४८ ठिपके होते, तेही काळेच. तेव्हाही वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती यायच्या, चौकोनात चित्रं आणि खाली नंबर. तो नंबर एसएमएस केला की फोनवर कंपनीच्या नावाच्या जागी गणपती नाहीतर बाण घुसलेलं हृदय यायचं. मी वाघ मागवला होता. ८४ बाय ४८ ठिपक्यांत वाघ मावत नाही. आलं ते मांजर होतं आणि पैसे वाघाचे गेले.

आता तसं नाही. आता फोनच्या पोटात थीमचं अख्खं दुकान असतं. घड्याळ बदला, अक्षरांचं वळण बदला, कुलूप उघडताना होणारा आवाज बदला. आणि या बाबतीत गरिबांचं बरं चाललंय. पहिला आयफोन २००७ चा. त्याच्या लॉक स्क्रीनवरच्या घड्याळाचं वळण बदलायची मुभा अ‍ॅपलने दिली २०२२ साली. पंधरा वर्षं महागडा फोन वापरणारा माणूस कंपनी दाखवेल त्या वळणाचं घड्याळ पाहत होता आणि आमच्या पानठेल्यावरचा पोट्टा दहा हजारांच्या फोनवर दर मंगळवारी नवं घड्याळ लावत होता.

बर्फ काढायला सांगितला तेव्हा भाच्याने एक गोष्ट सांगितली, त्यानंतर मी डोंगर आणि तळं या दोन्हींची धास्ती घेतली आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका तळ्याचा फोटो जगभर फिरला. ढगांतून उतरणारं ऊन, डोंगर, निळं पाणी. इतका सुंदर की हजारोंनी तो वॉलपेपर म्हणून लावला, आणि त्या वेळच्या अँड्रॉइडचे किती तरी फोन बसले. चालू व्हायचे, चित्र पाहायचे, बंद पडायचे, पुन्हा चालू व्हायचे. कारण काय, तर त्या फोटोतल्या रंगांची जातकुळी वेगळी होती. फोन उजेडाचं माप शून्य ते २५५ मध्ये मोजतो आणि त्या ढगांतल्या एखाद्या ठिपक्याचा हिशेब २५५ च्या पलीकडे गेला. त्याला पुढचा आकडा माहीतच नव्हता. फोटो काढणाऱ्याचा काही दोष नव्हता, त्याने भक्तिभावाने निसर्ग टिपला होता. ऐकून बायको म्हणाली, "जास्त सुंदर असलं का नजर लागतेच." फोन नजर लागून नाही, नजर लावून मेले होते, पण मी वाद घातला नाही.

मग आलं मराठी घड्याळ. ही माझीच मागणी. आकडे देवनागरी हवेत, जुन्या पोथीतल्यासारखे, गोलाईदार. भाच्याने शोधून काढलं आणि खरोखर, लॉक स्क्रीन उघडावीशी वाटेना इतकं ते देखणं होतं. पुढच्या रविवारी चंद्रपूरला लग्न होतं. मेहुणा आपल्या गाडीने नेणार होता, नाक्यावर सव्वाआठला. मेहुणा वेळेचा असा पक्का की त्याच्या घरी मांजरसुद्धा टायमावर दूध पिते. मी फोन पाहिला: ८:११. चार मिनिटं होती. चपला पुसल्या, रुमाल बदलला, निवांत निघालो. नाक्यावर कुत्रं होतं, गाडी नव्हती. पुन्हा पाहिलं तर ८:२४. मग बराच वेळ त्या घड्याळाकडे निरखून पाहिल्यावर उलगडलं की पोथीच्या गोलाईत १ आणि ९ सख्खे भाऊ असतात. मी पाहिले होते ते ८:१९. नंतरची पॅसेंजर धरून भांदक, ताडाळी करत चंद्रपूरला पोचलो तेव्हा शेवटची पंगत चालू होती आणि आलू-वांग्याच्या भाजीत आलू उरला होता. लोक लॉक स्क्रीन उघडतात किती वेळा आणि नुसता टाइम बघून पुन्हा ठेवतात किती वेळा, याचा विचार थीम बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. टाइम हेच तिचं मुख्य काम, आणि नेमकं तेच नटवतात.

आमच्या जिल्ह्यातल्या लॉक स्क्रीनचा राष्ट्रीय पक्षी म्हणाल तर वाघ. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. आणि फोनला रंगीत पडदा आल्यापासून तो वाघ प्रत्येक पोट्ट्याच्या खिशात राहायला आला. पाणवठ्यावर बसलेला, जिप्सीच्या पुढून चाललेला, मागे वळून पाहणारा. यातला एकही फोटो त्या पोट्ट्याने काढलेला नसतो. पुण्या-मुंबईचा माणूस हजारो रुपये मोजून पहाटे चारला उठून वाघ पाहायला येतो. आमच्याकडे वाघ स्वतः येतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांतून तो फिरतो, खाणींच्या बाजूला मातीचे जे डोंगर उभे राहिलेत त्यांच्यावर माजलेल्या बाभळीत बसतो. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून पडलं असं सांगतात, तो गावचा प्रमुख वाघाशी झालेल्या झटापटीत गेला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. जुनी माणसं वाघाला शिवेवर दगडात बसवायची, नमस्कार करायची आणि मनोमन म्हणायची, इथेच राहा बाप्पा. आमच्या ओळखीतल्या एकाच्या फोनवर डरकाळी फोडणारा वाघ होता, बटण दाबलं की आवाजासकट. एका रात्रपाळीला मोटारसायकलच्या उजेडात खरा दिसला. डरकाळी वगैरे काही नाही, नुसता रस्ता ओलांडून गेला, तोही याच्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर गुलाबाचं फूल होतं.

काहींना चित्र नको असतं, मजकूर हवा असतो. 'माझ्या फोनला हात लावू नको', 'तुझं काम कर', आणि पुढे एखादं डोळे वटारलेलं अस्वल. हे मला ट्रकच्या मागच्या फळीवरून आल्यासारखं वाटतं. कोळशाचे ट्रक रोज पुढून जातात, त्यामुळे हे साहित्य माझ्या वाचनात भरपूर आहे. महाराष्ट्रात २०१५ साली 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली, कारण लोक ते वाचून खरोखर हॉर्न वाजवायचे. वाईट नजरवाल्याचं तोंड काळं करणारी ओळ मात्र अजून दिसते. आमच्या रस्त्यावर ती शापवाणी वाया जाते. चांगल्या नजरवाल्याचंही तोंड त्याच ट्रकमागे दोन किलोमीटरमध्ये तितकंच काळं होतं.

आता कुलपाबद्दल. चित्र कितीही सजवलं तरी त्याच्यामागे कुलूप असतं आणि माजरीत कुलूप ही अवघड बाब आहे. चेहरा दाखवून उघडायची सोय मे महिन्यात निकामी. डोळे सोडून सगळ्या तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय इथे कोणी उन्हात निघत नाही. फोन म्हणतो, चेहरा ओळखू आला नाही. त्याला काय बोलणार, परवा मी सख्ख्या भावाला 'काय भाऊ, कोणता पत्ता पायजे?' असं विचारलं. बोटाचा ठसा म्हणाल तर वर्कशॉपमध्ये पान्या-हातोड्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या. निम्म्या लोकांचे ठसे फोन तिसऱ्या खेपेला घेतो, तेही उपकार केल्यासारखे. म्हणून सगळी माजरी पॅटर्नवर आहे. तीन बाय तीन, नऊ ठिपके. एका ठिपक्यावर दोनदा जायचं नाही, कमीत कमी चार जोडायचे. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसली. "हे तं पोट्टी रांगोळी शिकते तेव्हा पहिल्या दिवशी काढते."

या नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ वेगवेगळे पॅटर्न निघतात. माजरीची सगळी वस्ती, पाहुणेरावळ्यांसह, प्रत्येकाने वेगळा घेतला तरी उरतील. पण माणूस कसा असतो पाहा. २०१५ साली नॉर्वेतल्या एका विद्यार्थिनीने चारेक हजार पॅटर्न गोळा करून तपासले, तर ४४ टक्के लोक डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि ७७ टक्के कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून. बऱ्याच जणांनी नावाचं पहिलं अक्षर काढलेलं. हा अभ्यास तिने आमच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला विचारून एका चहात आटोपला असता. फोन दुरुस्तीला दिला की तो गिऱ्हाइकाला पॅटर्न विचारतो, कागदाच्या चिटोऱ्यावर नऊ ठिपके काढतो, त्यावर रेघ ओढतो आणि चिटोरा फोनच्या पाठीला चिकटपट्टीने लावून ड्रॉवरमध्ये टाकतो. पेटीला कुलूप, आणि किल्ली पेटीवरच बांधलेली. तो मला म्हणाला, "बाबूजी, हजारात एखादा वेगळा भेटते. बाकी एल नाही तं झेड." मराठी अक्षर कोणी काढत नाही का, असं मी विचारलं. "एकानं 'क' काढून पाहिला होता. दोन दिवसांनी फोन घेऊन आला, म्हणे उघडत नाही." नऊ ठिपक्यांत क बसत नाही. त्यामुळे मातृभाषेचा अभिमान वगैरे ठीक, कुलूप मात्र आम्हाला इंग्रजीतच लावावं लागतं.

आणि लावून तरी काय उपयोग? २०१० साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की काचेवर उरलेल्या बोटाच्या तेलकट डागावरून पॅटर्न ओळखता येतो. त्यासाठी त्यांना दिवे तिरके धरावे लागले, कॅमेरे वेगवेगळ्या कोनांत लावावे लागले. विनाकारण. पाळीवरून परतलेल्या आमच्या माणसाचा फोन टेबलावर पडलेला असतो, वर हसऱ्या लेकराचा फोटो, आणि लेकराच्या तोंडावर कोळशाच्या बोटाने रेखलेला ठसठशीत झेड. वाचायला चष्मासुद्धा लागत नाही.

बायकोच्या फोनची गोष्ट वेगळी. तो माझ्यापेक्षा भारी आहे. कसा आणि का, या तपशिलात जायला नको. त्याच्या पडद्याच्या आतच, खालच्या बाजूला, बोटाचा ठसा घेणारा डोळा आहे. तिने लॉक स्क्रीनवर शेगावचे गजानन महाराज लावले आणि तिथून आमच्या घरात धर्मचर्चा सुरू झाली. राजा रविवर्म्याने १८९४ साली छापखाना काढला आणि पुढे देव कागदावरून घराघरांत गेले. तेव्हापासून आपण त्यांना भिंतीवर, उंचावर, पाय लागणार नाही असं ठेवत आलो. आता ते पँटच्या मागच्या खिशात आले. भाच्याच्या फोनवर महादेव होता आणि भाचा सोफ्यावर बसला की महादेवावर बसायचा. तिने त्याला एका दुपारी उठवून उभं केलं ते केलंच. दुसरा प्रश्न असा की फोन उघडताना चित्र अंगठ्याने वर सरकवावं लागतं. कणकेच्या अंगठ्याने महाराजांना ढकलायचं? तेही कशासाठी, तर भिशीच्या ग्रुपवर कोण काय बोललं ते पाहायला?

दोन दिवस तिने विचार केला. मग भाच्याला बसवून तो फोटो मोठा केला, लहान केला, थोडा वर, थोडा डावीकडे, आणि असा नेमका बसवला की महाराजांचं पाऊल बरोबर त्या ठसा घेणाऱ्या गोलावर यावं. आता फोन उघडायचा म्हणजे महाराजांच्या पायाला बोट लावायचं. ती हात धुते, पदराला पुसते, पाय शिवते, मग भिशी. दिवसाला ऐंशी-नव्वद नमस्कार होतात. इतकं कुठल्याही थीमवाल्याला सुचलेलं मी पाहिलं नाही. माझा ठसाही त्या फोनमध्ये घाल असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, "आंघोळ केल्याशिवाय नाही."

या सगळ्यात शेजारचे काकाजी कधीच नव्हते. त्यांनी पस्तीसेक वर्षं खाणीत काढली, शेवटची बरीच डंपरवर. त्यांच्याही फोनवर दुकानातलंच चित्र होतं, आणि भाच्याने विषय काढला की म्हणायचे, "कंपनीनं दिलं ते बदलवाचं नाही जी. उद्या परत मागितलं तं?" त्यांना वाटायचं की ते चित्र म्हणजे क्वार्टरसारखंच, वापरायला दिलेलं. मेअखेर ते रिटायर झाले. सामान टेम्पोत चढलं, गोंदियाकडच्या गावाला निघायचं होतं, आणि जाण्याआधी दुपारी ते आमच्याकडे आले. फोन भाच्यापुढे धरला.

"बेटा, एक फोटो काढला. लावून देशील का इथं?"

फोटो क्वार्टरच्या दाराचा होता. बंद दार, कडीला कुलूप, वर वाळून खुळखुळा झालेलं आंब्याच्या पानांचं तोरण, चौकटीच्या वर काळ्या रंगाने घातलेला नंबर. भाच्याने लावला. घड्याळ नेमकं नंबरावर बसलं. त्यांच्या फोनमध्ये घड्याळ हलत नाही, म्हणून त्याने फोटो खाली ओढला. नंबर सुटला, पण कुलूप खाली टॉर्चच्या चिन्हाआड गेलं. फोटो लहान केला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. भाच्याने घाम पुसला. मी म्हणालो, कुलूप दिसलं नाही तरी चालेल, लॉक स्क्रीनच आहे. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

शेवटी भाच्याने घड्याळाची अक्षरं जितकी बारीक होतात तितकी बारीक केली आणि रंग भिंतीच्या रंगाला मिळता घेतला. नंबर दिसला, तोरण दिसलं, कुलूप दिसलं.

"पण काकाजी, टाइम नाही दिसत आता."

"राहू दे ना," ते म्हणाले. "नंबर दिसते ना?"

फोन त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला, फोन बाहेर आला, त्यांनी दाराकडे पाहिलं, परत ठेवला आणि आत वळून हाक मारली, "सूनबाई, चहा मांडा जी. चार वाजले."